भावाचा विद्यार्थी व्हिसा नाकारला गेला: ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू मागावा की नव्याने अर्ज करावा?

मुक्ता, १ सप्टेंबर

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला ब्रिटनमधील एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सी अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे. त्याने १२ ऑगस्टला भारतातून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला आणि २९ ऑगस्टला नकाराचे पत्र ईमेलने आले. अभ्यासक्रम २२ सप्टेंबरला सुरू होतो आणि विद्यापीठाने उशिरात उशिरा ६ ऑक्टोबरपर्यंत हजर होण्याची मुभा दिली आहे.

पत्रात नकाराची दोन कारणे आहेत. पहिले असे की, शुल्क आणि राहण्याचा खर्च यांसाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस हाताशी असल्याचे सिद्ध झालेले नाही. ही रक्कम वडिलांच्या नावावर आहे. ती जानेवारीपासून मुदत ठेवीत होती. १८ जुलैला ठेवीची मुदत संपली आणि बँकेने ती वडिलांच्याच बचत खात्यात जमा केली. ठेवीची पावती आणि बचत खात्याचे ५ ऑगस्टपर्यंतचे स्टेटमेंट असे दोन्ही कागद आम्ही अपलोड केले होते. अधिकाऱ्याने मात्र केवळ बचत खात्याकडे पाहून रक्कम १८ जुलैला आली, म्हणजे ती १९ दिवसच होती, असा हिशेब मांडला आहे. दुसरे कारण असे की, रक्कम ज्यांच्या नावावर आहे ते अर्जदाराचे वडील असल्याचा पुरावा सादर केलेला नाही. जन्मदाखला जोडला होता, असे भाऊ ठामपणे सांगतो.

पत्राच्या शेवटी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू मागता येईल असे लिहिले आहे. हे अपील आहे का, त्यात आणखी कागद देता येतात का, आणि हातात तीन आठवडे असताना हा मार्ग धरावा की सरळ दुसरा अर्ज करावा, हे आम्हाला ठरवता येत नाही. घरात सगळेच खचले आहेत आणि जो तो वेगळा सल्ला देत आहे. ज्यांनी ही प्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


अश्वत्थ, १ सप्टेंबर

मुक्ता, आधी सर्वांत महत्त्वाची तारीख सांगतो. ब्रिटनबाहेरून अर्ज केलेल्या व्यक्तीला नकाराचे पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत रिव्ह्यूची मागणी करावी लागते. पत्र २९ ऑगस्टला मिळाले असेल, तर तुमची मुदत २६ सप्टेंबरला संपते. ब्रिटनमध्ये राहून अर्ज करणाऱ्यांना १४ दिवस मिळतात. कोणी ती मुदत तुम्हाला सांगितली तर गोंधळून जाऊ नका. शुल्क ८० पौंड आहे, मागणी ऑनलाइन करायची असते आणि ती तुमच्या भावाच्या नावानेच गेली पाहिजे.

हे अपील नाही. अपील न्यायाधिकरणासमोर चालते आणि तेथे स्वतंत्र न्यायाधीश असतो. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूमध्ये होम ऑफिसचाच, म्हणजे व्हिसाचे निर्णय घेणाऱ्या ब्रिटनच्या गृहखात्याचाच, दुसरा अधिकारी तीच फाइल पुन्हा उघडतो आणि पहिल्या अधिकाऱ्याच्या हातून चूक झाली का, एवढेच पाहतो. या चुकीला तेथे ‘केसवर्किंग एरर’ म्हणतात. नियम चुकीचा लावणे, सादर केलेला कागद विचारात न घेणे, हिशेब चुकणे या गोष्टी त्यात येतात. २०१४ च्या इमिग्रेशन ॲक्टने अपिलाचा हक्क मुख्यतः मानवी हक्क आणि आश्रय यांच्याशी संबंधित प्रकरणांपुरता राखला, आणि विद्यार्थी, नोकरी यांसारख्या व्हिसांच्या वाट्याला हा रिव्ह्यू आला. त्यामुळे सुनावणी नाही, प्रत्यक्ष भेट नाही, बाजू मांडायला वकील उभा राहणे नाही. जे काही सांगायचे ते लेखी, आणि जे फाइलमध्ये आधीपासून आहे त्याच्याच आधारे.

नवीन कागदांबद्दलचे उत्तर बहुतांशी नाही असेच आहे. खोटे कागद दिले किंवा फसवणूक केली, अशा प्रकारचा ठपका असेल, तर तो खोडून काढण्यासाठी नवा पुरावा पाहिला जातो. तुमच्या पत्रात तसा ठपका दिसत नाही. तरीही पत्र पुन्हा एकदा शब्दन् शब्द वाचा. तसा ठपका असेल तर प्रकरण निराळ्या पातळीवर जाते, कारण फसवणुकीच्या कारणावरून पुढील अर्जांवर १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि मग रिव्ह्यू न मागता नवा अर्ज करणे धोक्याचे ठरते.

आता पहिल्या कारणाबद्दल. नियम असा आहे की, सर्वांत अलीकडच्या आर्थिक कागदावरील अखेरच्या शिलकेच्या तारखेपासून २८ दिवस मागे मोजायचे आणि तो कागद अर्जाच्या तारखेपूर्वीच्या ३१ दिवसांतला असला पाहिजे. तुमच्या बाबतीत ५ ऑगस्टपासून मागे मोजले तर ९ जुलै येतो. म्हणजे ९ ते १७ जुलै हे नऊ दिवस रक्कम ठेवीत होती हे दाखवणे आवश्यक होते. रक्कम एकाच खात्यात असली पाहिजे, असा नियम नाही. मुदत ठेवही चालते, मात्र त्यातले पैसे लगेच काढता आले पाहिजेत. तेव्हा पावतीवर मुदतपूर्व मोडण्याची सोय नमूद आहे का, आणि बचत खात्यातील १८ जुलैच्या नोंदीत ठेवीचा क्रमांक आला आहे का, हे पाहा. जानेवारीत दिलेली पावती केवळ जानेवारीत ठेव केल्याचे सांगते. ती जुलैपर्यंत अखंड होती हे सांगणारा दुवा म्हणजे ती नोंद. दोन्ही गोष्टी असतील तर पहिल्या कारणात अधिकाऱ्याची चूक आहे असे माझे मत आहे.


नीरजा, २ सप्टेंबर

मुक्ता, तुमच्या घरातली मनःस्थिती मी समजू शकते, कारण चार वर्षांपूर्वी माझा नोकरीचा व्हिसा असाच नाकारला गेला होता. इंग्रजी भाषेच्या पात्रतेचा पुरावा दिला नाही, असे पत्रात लिहिले होते. प्रत्यक्षात माझी पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचे प्रमाणपत्र मी अपलोड केलेले होते. मी रिव्ह्यू मागितला, सात आठवड्यांनी मूळ निर्णय मागे घेतला गेला आणि व्हिसा मिळाला.

त्या वेळी जे शिकले ते सांगते. माझा पहिला मसुदा चार पानांचा होता. नोकरी हातची जाईल, घरभाडे भरून झाले आहे, आईवडिलांना किती धक्का बसला आहे, हे सगळे त्यात होते. एका अनुभवी सल्लागार बाईंनी तो वाचला आणि विचारले, ‘यातले कोणते वाक्य वाचून अधिकाऱ्याला फाइल उघडून एखादे पान पाहावेसे वाटेल?’ असे एकच वाक्य निघाले. मग मी मागणी एका पानात लिहिली: पत्रातील परिच्छेद क्रमांक, त्यातील विधान, ते विधान ज्या कागदामुळे चुकीचे ठरते त्याचे अपलोड करतानाचे नाव, त्यातील पान क्रमांक, आणि संबंधित नियम. ज्या एजंटकडून मी मूळ अर्ज भरला होता त्याने मात्र बँकेची नवी पत्रे आणि शिफारसपत्रे जोडण्याचा आग्रह धरला होता. त्याचे ऐकले असते तर माझ्या मागणीतला खरा मुद्दा त्या गठ्ठ्याखाली दबला असता.

म्हणून माझी विनंती अशी की, आठवणीवर विसंबू नका. भाऊ ‘जन्मदाखला जोडला होता’ असे म्हणतो ते खरे असेलच, पण तो कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या फाइलमध्ये आणि कोणत्या स्वरूपात जोडला, हे अपलोड केलेल्या मूळ पीडीएफ उघडून पाहा. येथे दुसरे कारण पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि अनेक जण नेमके तेथेच फसतात. दोन कारणांपैकी एक चुकीचे ठरले तरी दुसरे योग्य असेल तर नकार कायम राहतो. रिव्ह्यूच्या उत्तरात ‘हे कारण मागे घेतले आहे, परंतु निर्णय तोच राहील’ असे लिहून येते. तेवढ्यासाठी तुमचे आठवडे खर्च होतील.

होम ऑफिसकडून आपल्या फाइलची प्रत आणि अधिकाऱ्याच्या नोंदी विनाशुल्क मागवता येतात. मात्र उत्तराला साधारण एक महिना लागतो आणि तेवढ्यासाठी २८ दिवसांची मुदत थांबत नाही, त्यामुळे तुमच्या वेळापत्रकात त्याचा उपयोग थोडाच.


परिमल, २ सप्टेंबर

याच अनुषंगाने विचारतो. माझ्या आईवडिलांचा ब्रिटनचा पर्यटक व्हिसा गेल्या महिन्यात नाकारला गेला. त्यांनाही हा रिव्ह्यू मागता येईल का? त्यांच्या पत्रात तसा उल्लेख दिसत नाही.


अश्वत्थ, २ सप्टेंबर

परिमल, नाही. पर्यटक व्हिसाच्या नकाराला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू लागू नाही. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा पूर्ण हक्क होता, तो २५ जून २०१३ पासून काढून घेतला गेला. आता उरतो तो न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग. निर्णय बेकायदेशीर, अतार्किक किंवा अन्यायकारक पद्धतीने झाला, असे त्यात दाखवावे लागते, दावा विलंब न करता आणि जास्तीत जास्त ३ महिन्यांत दाखल करावा लागतो, आणि त्याआधी होम ऑफिसला रीतसर पूर्वसूचनेचे पत्र द्यावे लागते. खर्च पाहता बहुतेक कुटुंबे नकाराचे कारण दूर करून नव्याने अर्ज करतात, आणि तेच व्यवहार्य आहे.


मुक्ता, ३ सप्टेंबर

अश्वत्थ, नीरजा, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री भावाबरोबर बसून अपलोड केलेली प्रत्येक फाइल उघडली.

ठेवीच्या पावतीवर मुदतपूर्व मोडण्याची अट छापलेली आहे आणि बचत खात्यातील १८ जुलैच्या नोंदीत ठेवीचा क्रमांक स्पष्ट आहे. म्हणजे पहिल्या कारणाबाबत आमची बाजू पक्की दिसते.

जन्मदाखला सापडला, पण तो वडिलांच्या संमतीपत्राच्याच पीडीएफमध्ये तिसऱ्या पानावर आहे आणि फाइलचे नाव केवळ ‘संमतीपत्र’ असे आहे. बहुधा अधिकाऱ्याने पहिले पान पाहून फाइल बंद केली असावी. दाखला पूर्णपणे मराठीत आहे. चौथ्या पानावर त्याचे इंग्रजी भाषांतर आहे आणि खाली भाषांतरकाराची सही आणि नाव आहे. परंतु तारीख नाही, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक नाही, आणि भाषांतर अचूक असल्याचे विधानही नाही. याने काही फरक पडतो का?


नीरजा, ३ सप्टेंबर

दुर्दैवाने पडतो. इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर द्यावे लागते आणि त्याची खातरजमा करता आली पाहिजे. त्यासाठी भाषांतर अचूक असल्याची भाषांतरकाराची ग्वाही, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील असणे आवश्यक असते. तुमच्या भाषांतरात यातल्या तीन गोष्टी नाहीत.

तुमचे प्रकरण आता चमत्कारिक वळणावर आहे. ‘पुरावा सादरच केलेला नाही’ हे अधिकाऱ्याचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, कारण दाखला फाइलमध्ये आहे. तेवढ्यापुरती चूक त्याची आहे. पण रिव्ह्यू करणारा अधिकारी ते पान उघडेल तेव्हा भाषांतरातील उणीव त्याच्या नजरेस पडेल, आणि पहिले कारण मागे घेऊन या नव्या कारणावर नकार कायम ठेवण्याची मुभा त्याला आहे. नवे कारण दिले गेल्यास त्या कारणापुरता आणखी एक रिव्ह्यू मागता येतो, हे खरे. पण त्यातही सुधारलेले भाषांतर देता येणार नाही, कारण ते मूळ निर्णयाच्या वेळी फाइलमध्ये नव्हते. उणीव खरी आहे आणि ती भरून काढण्याची सोय या प्रक्रियेत नाही.


वैखरी, ३ सप्टेंबर

मी थोडे वेगळे मत मांडते. मुक्ता, रिव्ह्यूचा विचार इतक्या लवकर सोडू नका. रिव्ह्यू यशस्वी झाला तर नकाराचा निर्णयच मागे घेतला जातो. नवा अर्ज मंजूर झाला तरी जुना नकार नोंदीत राहतो आणि पुढे कोणत्याही देशाचा व्हिसा मागताना ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला तुमच्या भावाला होकारार्थी उत्तर द्यावे लागेल. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा विचार करायला हवा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय भाषांतरासारख्या किरकोळ उणिवेबाबत अधिकारी अर्जदाराशी संपर्क साधून दुरुस्त प्रत मागवू शकत होता. त्याने दाखला पाहिलाच नाही म्हणून तो प्रश्न उद्भवला नाही. हा मुद्दा रिव्ह्यूमध्ये मांडण्याजोगा आहे.


अश्वत्थ, ४ सप्टेंबर

वैखरी यांचा नोंदीबाबतचा मुद्दा योग्य आहे आणि मुदत जवळ नसती तर मीही तोच मार्ग सुचवला असता. पण संपर्क साधणे हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. त्याने तसे केले नाही म्हणून चूक झाली, असे सिद्ध करणे अवघड जाते. नीरजा यांना सात आठवडे लागले. येथे ६ ऑक्टोबरपर्यंत पाच आठवडेही उरलेले नाहीत. रिव्ह्यूचा निकाल अनुकूल लागला तरी तो वर्गात बसण्याची तारीख उलटून गेल्यावर आला, तर व्हिसा कशासाठी घ्यायचा, असा प्रश्न उभा राहील.

दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवता येत नाहीत, हेही ध्यानात घ्या. रिव्ह्यू प्रलंबित असताना भावाने व्हिसासाठी नवा अर्ज केला, तर रिव्ह्यूची मागणी मागे घेतली असे धरले जाते. त्यामुळे ‘रिव्ह्यू टाकून ठेवू आणि वाट पाहून मग अर्ज करू’ या बेतात ८० पौंड आणि मधले दिवस दोन्ही जातात.

नव्या अर्जाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, जी कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. रक्कम १८ जुलैपासून बचत खात्यातच आहे आणि तिला हात लावलेला नाही, असे मी धरून चालतो. मग १४ ऑगस्टलाच त्या एका खात्यात २८ दिवस पूर्ण झाले. बँकेकडून आजच्या तारखेपर्यंतचे स्टेटमेंट घेतले तर मुदत ठेवीचा विषयच उरत नाही. ज्या कारणावरून तुम्ही भांडणार होतात, ते कारण दिवस पुढे सरकल्याने आपोआप नाहीसे झाले आहे. भाषांतर दोन दिवसांत नव्याने करून घेता येईल. जन्मदाखला आणि भाषांतर एका फाइलमध्ये, संमतीपत्र दुसऱ्या फाइलमध्ये, आणि प्रत्येक फाइलच्या नावातच तिच्यात काय आहे ते लिहा.

खरी अडचण कॅसची, म्हणजे प्रवेश निश्चित असल्याच्या विद्यापीठाच्या पुष्टीची आहे. विद्यापीठाने दिलेला कॅस क्रमांक एकाच अर्जासाठी वापरता येतो, म्हणजे नव्या अर्जासाठी विद्यापीठाकडून नवा कॅस लागेल. विद्यापीठे येथे फार सावध असतात, कारण विद्यार्थी आणण्याचा परवाना टिकवण्यासाठी त्यांना व्हिसा-नकारांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवावे लागते. म्हणून आजच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला नकाराचे पत्र, जुन्या फाइली आणि दुरुस्तीची योजना पाठवा. तेथील सल्लागारांना इमिग्रेशनविषयी सल्ला देण्याचा अधिकार असतो. बाहेरच्या कोणाला पैसे देऊन सल्ला घेणार असाल तर ती व्यक्ती ब्रिटनमधील सॉलिसिटर आहे किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेली आहे याची खात्री करा. ही संस्था जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी या नावाने ओळखली जात होती, त्यामुळे जुन्या माहितीत ते नाव दिसेल.

भावाने नवीन अर्जात आधीचा नकार अवश्य जाहीर करावा. तो लपवणे हीच फसवणूक ठरते, आणि आज जो साधा नकार आहे त्याचे रूपांतर वर सांगितलेल्या बंदीत होऊ शकते. आरोग्य अधिभाराची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरलेली) जुनी रक्कम नकारानंतर परत मिळते, व्हिसाचे शुल्क मिळत नाही. नव्या अर्जासाठी दोन्ही पुन्हा भरावे लागतील. जलद सेवा उपलब्ध असेल तर ५०० पौंड जास्तीचे भरून साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय मिळू शकतो. हे पाच दिवस ओळख आणि बोटांचे ठसे देण्याच्या भेटीनंतर मोजले जातात, तेव्हा त्या भेटीची वेळ कधीची मिळते ते आधी पाहा.


वैखरी, ४ सप्टेंबर

बचत खात्यातील २८ दिवसांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्यामुळे नव्या अर्जाचे पारडे जड होते, हे मान्य करते. मात्र विद्यापीठाने या सत्रासाठी नवा कॅस नाकारला, तर २६ सप्टेंबरच्या आत रिव्ह्यूची मागणी जरूर करा. त्या परिस्थितीत घाई उरणार नाही आणि निदान पहिले कारण नोंदीतून काढून टाकण्याची संधी तरी मिळेल. मुदत टळली तर उशिराने केलेली मागणी केवळ अपवाद म्हणून स्वीकारली जाते.


मुक्ता, ८ सप्टेंबर

काय झाले ते सांगते. विद्यापीठाच्या कार्यालयाने शुक्रवारी भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलून सगळे कागद तपासले. अश्वत्थ यांनी जे सांगितले तेच तेथील सल्लागारांनीही सांगितले: पहिले कारण चुकीचे आहे, पण भाषांतराच्या उणिवेमुळे रिव्ह्यूवर भिस्त ठेवू नये. बँकेचे ३ सप्टेंबरपर्यंतचे स्टेटमेंट आणि पाचही बाबी असलेले नवे भाषांतर पाहिल्यावर त्यांनी नवा कॅस देण्याचे मान्य केले आणि तो आज सकाळी आला. आज दुपारी भावाने नवा अर्ज भरला, आधीचा नकार तारखेसह नमूद केला, आणि जलद सेवेचे शुल्क भरून ११ सप्टेंबरची भेटीची वेळ घेतली आहे. रिव्ह्यूची मागणी आम्ही केलेली नाही.

नीरजा, तुमच्या सूचनेप्रमाणे अर्जासोबतचे पत्र एका पानाचे केले आहे. त्यात नकाराची दोन्ही कारणे जशीच्या तशी उतरवून प्रत्येकासमोर आता कोणती फाइल आणि कोणते पान पाहावे, एवढेच लिहिले आहे. वडिलांनी त्यात स्वतःच्या तब्येतीबद्दल आणि कर्जाबद्दल लिहिलेला परिच्छेद मी काढून टाकला. त्यांना ते समजावून सांगताना मलाच फार जड गेले.